रात्री दहानंतर दिसणारा जंत

ज्याच्या अंगात हत्तीरोगाचे जंत आहेत अशा माणसाचं रक्त भर दुपारी तपासलं, तर बहुतेक वेळा काचपट्टीवर काहीच सापडत नाही. त्याच माणसाच्या बोटाला मध्यरात्री सुई टोचा. थेंब काचेवर पसरा, वाळवा, रंग द्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पारदर्शक खोळीत गुंडाळलेली, डौलदार वळण घेतलेली पिल्लं दिसतात. लांबी सुमारे पाव मिलिमीटर, जाडी तांबड्या पेशीएवढी. दिवसा ही मंडळी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात येतात. का? तर त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो म्हणून. दक्षिण प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर हाच जंत दिवसा चावणाऱ्या डासांवर अवलंबून आहे, तिथे तो दिवसाही रक्तात सापडतो. आता बोला!

वर्धा जिल्ह्याला हे नवं नाही. विदर्भातला हा पट्टा हत्तीरोगाचा, आणि रात्री गावात जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं जुनं काम. दिवसभर राबून आडवा झालेला माणूस बोट पुढे करायला सहजासहजी तयार होत नाही, हेही तितकंच जुनं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी अनेक वर्षं जे संशोधन केलं, त्याचा रोख नेमका इथे होता. जंत स्वतः दिसला नाही तरी त्याच्या खुणा रक्तात ओळखता आल्या, तर रात्रीची वाट कशाला पाहायची?

मुळात या जंताची घड्याळासारखी चाल लक्षात कशी आली, ती गोष्ट मोठी सुंदर आहे. 1870 च्या दशकात चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने रक्त तपासायला दोन सहायक ठेवले होते. एक दिवसा काम करी, दुसरा रात्री. रात्रीवाल्याला जंत जास्त सापडू लागले. हा योगायोग नाही, हे ओळखायला लागते ती नजर मॅन्सनकडे होती. पुढे 1881 मध्ये लंडनच्या स्टीफन मॅकेन्झीने एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागवलं, तर जंतांनीही आपली वेळ उलटी केली. म्हणजे ते सूर्य पाहत नव्हते, माणसाची झोप पाहत होते. या दोन्ही शोधांत महागडं यंत्र नव्हतं. ठरवलेल्या वेळी, न कंटाळता, मोजून लिहून ठेवणं होतं.

एवढं सांगायचं कारण, हे काम एमबीबीएसचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही करू शकतो. आणि तशी सोय आपल्याकडे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, 1979 पासून ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’ देते. मुलं तिला नुसतं ‘एसटीएस’ म्हणतात. एमबीबीएस झाल्यावरची सक्तीची इंटर्नशिप ती वेगळी. ही ऐच्छिक, शिकत असतानाची, दोन महिन्यांची. विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजातला एक गाइड धरायचा, प्रस्ताव लिहायचा, नीतिशास्त्र समितीची मंजुरी घ्यायची, काम करायचं आणि अहवाल पाठवायचा. मानधन मिळतं ते अहवाल मान्य झाल्यावरच. प्रस्तावात विद्यार्थ्याची, गाइडची किंवा कॉलेजची ओळख उघड करायची नाही हा नियम मला फार आवडतो. दिल्लीचं नामांकित कॉलेज असो की सेवाग्राम, तपासणाऱ्यासमोर फक्त प्रश्न असतो.

दोन महिन्यांत कसलं डोंबलाचं संशोधन होणार, असं प्राध्यापकही म्हणतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

1906 चा उन्हाळा. इंग्लंडच्या केंट परगण्यात आर्थर कीथ या शरीररचनातज्ज्ञाच्या घरी मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीय विद्यार्थी हाताखाली काम करत होता. एक दिवस कीथ पतिपत्नी सायकलवरून फिरायला गेली. परत आली तेव्हा फ्लॅक उत्साहाने वाटच पाहत होता. चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या, बिळात राहणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयाचे काप पाहताना, वरची महाशीर जिथे उजव्या कर्णिकेला मिळते तिथे त्याला वेगळ्याच पेशींचा एक पुंजका दिसला होता. हृदयाचा प्रत्येक ठोका जिथून सुटतो ती ही जागा, सायनोएट्रियल नोड. 1907 मध्ये दोघांनी ती जगापुढे मांडली. आज पेसमेकर बसवतात तो हिचंच काम करायला.

दुसरी गोष्ट तर दोन विद्यार्थ्यांची आहे आणि त्यांच्यात अर्ध्या शतकाचं अंतर आहे. 1869 मध्ये बर्लिनच्या पॉल लँगरहान्सने आपल्या पदवीच्या प्रबंधात लिहिलं की स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं आहेत. ती कशासाठी, हे सांगता येत नाही असं त्याने सरळ कबूल केलं. तो 1888 मध्ये वारला, तोवर कुणालाच ते उमगलं नव्हतं. मग 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग या डॉक्टरला मदतनीस हवा होता. चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल या दोघा विद्यार्थ्यांनी कुणी आधी जायचं यासाठी नाणं उडवलं, बेस्ट जिंकला. तो बावीस वर्षांचा होता. त्या उन्हाळ्यात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून त्या बेटांचा रस, म्हणजेच इन्सुलिन, हाती येऊ लागला. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला ते टोचलं गेलं. 1923 चं नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना मिळालं, बेस्टला नाही. बँटिंगने आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्टला दिली.

आता कुणी म्हणेल, सगळेच काही बेस्ट होत नाहीत. खरंच आहे, आणि व्हायची गरजही नाही. नवशिक्याच्या बाजूने एक गोष्ट असते: काय ‘असायला हवं’ हे त्याला अजून पाठ झालेलं नसतं.

सेवाग्रामला तर प्रश्नांचा तुटवडाच नाही. 1945 मध्ये सुरू झालेलं कस्तुरबा रुग्णालय आणि 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं कॉलेज, दोन्ही खेड्याच्या मधोमध. इथे दाखल झालेली मुलं आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात, मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. त्यामुळे पोराला ‘नमुना’ शोधत फिरावं लागत नाही, कुणाच्या घरी किती जण आहेत हे त्याला आधीच ठाऊक असतं.

या संस्थेतलं एक काम मला विसरता येत नाही. 2005 मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात मधुकर पै, एस. पी. कलंत्री, रजनीश जोशी आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. त्यांनी सेवाग्रामच्याच 726 आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या संसर्गासाठी दोन पद्धतींनी तपासणी केली. त्यात वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थीही होते. निम्म्या लोकांत एका तरी चाचणीने संसर्ग आढळला. आजार नव्हे, संसर्ग, हा फरक लक्षात घ्या. आणि या व्यवसायात जितकी वर्षं जास्त, तितकी शक्यता जास्त. वॉर्डात रुग्णाला तपासणारा स्वतःच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे इथे नुसतं पुस्तकात वाचायचं नव्हतं.

किंवा डोळ्याची खालची पापणी ओढून ‘रक्त कमी आहे’ म्हणायची आपल्या डॉक्टरांची सवय घ्या. सेवाग्रामच्या 2010 च्या एका अभ्यासात 390 रुग्णांची पापणी, जीभ, तळहात आणि नखं पाहून डॉक्टरांनी दिलेली मतं हिमोग्लोबिनशी ताडून पाहिली. दोन डॉक्टरांचं एकाच रुग्णाबद्दल फारसं जुळेना. जे पहिल्या वर्षापासून शिकवतात, ते खरंच चालतं का, हा प्रश्न कुणी विचारायला हवा होता, तो इथे विचारला गेला.

समजा एखादी मुलगी एसटीएसच्या दोन महिन्यांसाठी निघाली आहे. ‘वर्धा जिल्ह्यातला रक्तक्षय’ हा विषय तिला गिळून टाकेल. ‘या एका गावातल्या गरोदर बाया लोहाच्या गोळ्या अर्ध्यावर का सोडतात’ हा तिच्या आवाक्यातला आहे. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, म्हणून सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला घरी जायचं. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवायचं. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी साक्षीदार. गोळीनं मळमळते, शी काळी होते, हे ती पुस्तकात वाचून आलेली असते. पण कोपऱ्यातून सासू म्हणते, “लेकरू लय मोठं होते मंग पोटात, बाळंतपण जड जाते.” हे उत्तर प्रश्नावलीच्या छापील चौकटींत बसत नाही. चांगला गाइड असेल तर तो सांगतो, चौकट बदल, उत्तर नको बदलू.

वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाटकडच्या वाचकांना एक विनंती. असा कुणी विद्यार्थी कागद घेऊन दारात आला तर त्याला बसवा आणि पाणी द्या. संमतीपत्र पूर्ण वाचून घ्या, कळलं नाही तर पुन्हा विचारा, आणि नको वाटलं तर बिनदिक्कत नाही म्हणा, त्याने तुमचा उपचार अडत नाही. पण हो म्हणालात, तर बदल्यात एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घ्या: दोन महिन्यांनी आमच्याकडे ये आणि यातून काय निघालं ते आम्हालाही सांग.