मेंदूतील काटे



बाभळीचे काटे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु आपल्या मेंदूतही काटे असतात, ही गोष्ट थोड्यांनाच माहीत असेल. मेंदूतील चेतापेशीला झाडासारख्या फांद्या फुटतात आणि पुष्कळ पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील एक-दोन भागांएवढीच काट्याची लांबी!

हे काटे प्रथम दिसले ते कोंबडीच्या मेंदूत. १८८८ साली स्पेनमधील डॉ. काहाल यांनी लहान मेंदूचा पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवून तपासला. 'हे काटे नव्हेत, चांदीचा साका आहे,' असे कित्येक विद्वान म्हणाले. काहालांनी १८९६ साली निराळाच निळा रंग वापरून तेच काटे पुन्हा दाखविले. त्यांचे काम कळायला मात्र १९५९ साल उजाडले. तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ग्रे या शास्त्रज्ञांना दिसले, की दुसऱ्या पेशीचे टोक येऊन भिडते ते या काट्यालाच. म्हणजे निरोप उतरण्याची ही जागा.

पुष्कळ काटे अळंबीसारखे असतात. डोके जाड, मान बारीक. वाफ्याचे तोंड अरुंद ठेवले म्हणजे एकाचे पाणी दुसऱ्यात सांडत नाही; काट्याच्या मानेचे कामही काहीसे तसेच. वरचेवर निरोप येत राहिला तर डोके मोठे होते, न आल्यास काटा आखडतो, कधी नाहीसाही होतो. शिकणे व लक्षात ठेवणे यांचा याच्याशी जवळचा संबंध आहे. बालपणी काटे दाट उगवतात आणि पुढे त्यांची विरळणी होते. विरळणी शेतकऱ्याला समजावून सांगायला नकोच.

पण रोपच अशक्त असेल तर? मेक्सिकोतील डॉक्टरांनी १९९९ साली अतिकुपोषणाने दगावलेल्या तान्ह्या मुलांचे मेंदू तपासले. फांद्या आखूड होत्या आणि काटे कमी व बिघडलेले होते. अशा उपासमारीतून वाचलेले मूल शाळेत मागे पडले, तर त्याला 'मठ्ठ' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घरची अंडी बाजारात जातात आणि लेकराच्या ताटात नुसती पातळ पेज येते, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. सहा महिने पुरे झाले, की अंगावरच्या दुधाबरोबर घट्टसर डाळभात, नाचणीची खीर, चांगले उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. आणि भरवताना त्याच्याशी बोलत राहावे.