न आवडणाऱ्यावर प्रीती : लिझ्यूच्या संत तेरेजाची शिकवण

रविवारच्या पवित्र मिस्साबलीत शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येते. आपण उजवीकडे वळतो, डावीकडे वळतो, हात जोडतो, स्मित करतो. चार बाकांपलीकडे आपला सख्खा भाऊ बसलेला असतो. वाडीच्या बांधावरून झालेल्या तंट्यानंतर कित्येक वर्षे त्याच्याशी आपले बोलणे नाही. त्या दिशेला मात्र आपली मान वळत नाही. हे दृश्य आपल्या धर्मग्रामांना अपरिचित नाही.

वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला भावाशी झालेले वितुष्ट आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, अशी प्रभू येशूची आज्ञा आहे. ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अडचण वेगळीच आहे. 'मनात कटुता असताना वरवर गोड वागायचे, हे ढोंग नव्हे काय?' असे अनेक प्रामाणिक भाविक विचारतात. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण प्रीतीत कपट नसावे असे संत पौलानेच रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात बजावले आहे.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला लिझ्यूच्या संत तेरेजाच्या जीवनात सापडते. 'लिटल फ्लॉवर' म्हणून आपण तिला ओळखतो. १८७३ साली फ्रान्समध्ये जन्मलेली ही मुलगी १८८८ साली, वयाच्या १५व्या वर्षी, कार्मेल मठात गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या २४व्या वर्षी, क्षयरोगाने मरण पावली. तिने मठ सोडून कोठे प्रवास केला नाही, चमत्कार करून दाखविले नाहीत. तरीही ख्रिस्तसभेने १९२५ साली तिला संतपद दिले, १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियरबरोबर तिला मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले आणि १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले.

मठ म्हणजे शांततेचे माहेर, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तेथेही माणसेच राहतात! एका धर्मभगिनीचे सारेच वागणे तेरेजाला खटकत असे. तिने काय करावे? ती त्या भगिनीसाठी प्रार्थना करी, जमेल ती मदत करी आणि भेट झाली की हसून बोले. तोंडून कठोर शब्द निघेल असे वाटले, तर रणांगणातून पळणाऱ्या शिपायासारखी ती तेथून चक्क निघून जाई. शेवटी त्या भगिनीनेच तिला विचारले, माझ्यात तुला एवढे काय आवडते?

हे ढोंग होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. ढोंगी मनुष्य स्वतःच्या लाभासाठी गोड वागतो आणि पाठ फिरताच निंदा करतो. तेरेजाला काहीच मिळवायचे नव्हते, आणि पाठीमागे ती त्याच भगिनीसाठी प्रार्थना करीत होती. आवडनिवड आपल्या हाती नसते, कृती आपल्या हाती असते. एखाद्याचे भले व्हावे असे ठरवून तसे वागणे, ही ख्रिस्ती प्रीती. मनातली कटुता मागाहून विरते, कधी विरतही नाही. तरीही ती प्रीती खोटी ठरत नाही.

दुसरी गोष्ट एका वृद्ध, अपंग भगिनीची आहे. सायंकाळी सहाला दहा मिनिटे असताना तिला प्रार्थनेतून उठवून भोजनगृहात नेण्याचे काम तेरेजाने आपण होऊन पत्करले होते. काम सोपे नव्हते. पाऊल जरा जलद पडले की म्हातारी रागावे, हळू पडले की हात सुटला म्हणून तक्रार करी, आणि इतक्या लहान मुलीला हे काय जमणार, असेही म्हणे. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूची किंवा वडिलांची सेवा करणाऱ्यांना ही बोलणी नवी नाहीत. जागेवर बसवून दिले की तेरेजाचे काम संपत असे. पण म्हातारीला भाकर कापताना त्रास होतो, हे तिच्या ध्यानात आले. तेव्हापासून कोणी न सांगता ती भाकर कापून देऊ लागली, आणि जाण्यापूर्वी एक छानसे स्मितही देऊ लागली. म्हातारीचे मन जिंकले ते याने.

सेवा सांगितलेल्या कामापाशी थांबते, प्रीती समोरच्याची अडचण पाहते. बांधावरच्या भावापाशी हेच कसे करावे? एकदम मिठी मारणे जमणार नाही. त्याच्या घरी आजारपण असेल तर जाऊन विचारपूस करता येईल. चारचौघांत त्याच्याविषयी वाईट बोलले जात असताना आपण गप्प राहू शकतो. रात्रीच्या रोझरीत एक 'नमो मरिया' त्याच्या नावाने म्हणता येईल. जमिनीचा न्याय पंचांकडे किंवा न्यायालयात होवो, त्यासाठी ह्या गोष्टी थांबवाव्या लागत नाहीत. अन्याय सोसून गप्प बसा, असेही आम्ही म्हणत नाही.

या आठवणी तेरेजाने १८९७च्या जून महिन्यात, दुखणे विकोपाला गेले असताना, मठाच्या बागेत चाकाच्या खुर्चीत बसून लिहिल्या. विषय होता शेजारप्रीती. पण दहा ओळी लिहून होईपर्यंत कोणी ना कोणी भगिनी तेथे येई आणि बोलत उभी राही. वही मिटून ती प्रत्येकीचे ऐकून घेई.