चकतीची कोणती बाजू वर आहे? दृष्टिहीन ग्राहक आणि ब्राझीलमधले उपाहारगृह

वापरयोग्यता शिकवताना आपण बहुधा मोबाइलचे पडदे आणि संकेतस्थळे यांचीच उदाहरणे घेतो. या पाठात आपण जेवणाचे एक टेबल घेणार आहोत. टेबल ब्राझीलमधले आहे आणि त्यावर बसलेल्या ग्राहकाला दिसत नाही.

ब्राझीलच्या दक्षिण भागातल्या गुराख्यांच्या परंपरेतून ‘शुरास्कारिया’ ही उपाहारगृहे आली. निखाऱ्यांवर भाजलेले मांस हा तिथला मुख्य पदार्थ. वाढण्याच्या पद्धतीला ‘रोदिझिओ’ म्हणतात आणि ती आपल्या पंगतीच्या बरीच जवळची आहे. माणशी दर ठरलेला असतो आणि वाढपी टेबलांवरून फिरत राहतात. त्यांच्या हातात भाताच्या पातेल्याऐवजी लांब सळई असते, तिच्यावरून ते तुमच्यासमोर काप उतरवतात. पंगतीत ‘पुरे’ म्हणायला आपण पानावर हात आडवा धरतो. तिथे अनेक ठिकाणी या कामासाठी टेबलावर एक गोल चकती असते. हिरवी बाजू वर असेल तर ‘हो, आणा’, लाल बाजू वर असेल तर ‘सध्या नको’.

ही चकती म्हणजे एका बिटची स्मृती आहे. ग्राहक ती लिहितो, वाढपी वाचतो. डोळस ग्राहक आपण लिहिलेले परत वाचूही शकतो. दृष्टिहीन ग्राहकाला चकती उलटवता येते, पण आता कोणती बाजू वर आहे हे कळत नाही. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांनी आउटपुट न दिसणारा टी फ्लिप-फ्लॉप डोळ्यांसमोर आणावा. सुरुवातीची स्थिती माहीत नसेल, किंवा टेबल पुसताना कोणी चकती हलवली असेल, तर कितीही वेळा उलटवली तरी अंदाजच उरतो. लाल बाजू वर राहिली तर पूर्ण पैसे भरलेला माणूस रिकाम्या ताटापुढे बसून राहतो, आणि वाढपी आपल्याकडे का येत नाहीत हेही त्याला समजत नाही.

चकतीवर बऱ्याचदा शब्दही छापलेले असतात, त्यामुळे रंगांधळ्या ग्राहकाचे भागते. केवळ रंगावर विसंबू नये हा नियम तुम्ही वेबच्या सुलभतेत शिकला असाल. इथे तो पाळला गेला आणि तरीही अडचण राहिली, कारण रंग आणि छापील शब्द हे दोन्ही एकाच इंद्रियाकडे जातात.

मग उपाय काय? वर्गात विचारले की पहिले उत्तर येते, ‘सर, कडेला खाच पाडू.’ पुठ्ठ्याची चकती कापून पाहा. खाच आरपार असते, म्हणून चकती खाचेतून जाणाऱ्या व्यासाभोवती उलटवली तरी हाताला अगदी तशीच लागते. एक लहान आणि एक मोठी खाच काटकोनात पाडली तर बाजू ओळखता येईल. पण मग मोठीकडून लहानकडे घड्याळाच्या दिशेने म्हणजे ‘आणा’ की ‘नको’, हे जेवताना लक्षात ठेवायचे! त्यापेक्षा हिरव्या बाजूला एक उठावाची टिकली चिकटवा. ब्रेल येत असो वा नसो, बोटाला लगेच कळते. खर्चही टिकलीएवढाच.

इथे थांबलो तर मात्र प्रश्न अर्धाच सुटेल, कारण खरी माहिती सळईवर आहे. डोळस ग्राहक येणारी सळई पाहतो, मांस ओळखतो, भाजणी किती झाली आहे, चरबी किती आहे हे बघतो आणि मान हलवतो. ‘पिकान्या’ हा तिथला सर्वांत आवडता तुकडा गाईबैलाच्या मांसाचा असतो. त्यामागोमाग डुकराचे मांस, कोंबडीची हृदये, आणि कधी दालचिनी लावून भाजलेला अननसही येतो. नाव न सांगता ताटात ठेवलेला काप काय आहे, हे दृष्टिहीन माणसाला तोंडात घातल्यावरच कळेल. अमुक मांस न खाणाऱ्या आपल्या देशातल्या कोट्यवधी लोकांना हे किती गंभीर आहे, ते वेगळे सांगायला नको. म्हणून वाढप्याने आधी बोलायचे: पदार्थाचे नाव, प्राणी, भाजणी, आणि ‘देऊ का?’ होकार मिळाल्यावर सुरी. काप सुटताना ग्राहकाने तो चिमट्याने धरायचा असतो. ते जमणार नसेल तर वाढप्याने तो ताटात ठेवून जागा सांगावी. त्यासाठी ताटाला घड्याळ मानतात: ‘मांस सहा वाजता, भात बारा वाजता.’ तापलेली सळई कुठे टेकवली आहे हेही आधीच सांगावे, नाहीतर पाण्याच्या पेल्याकडे जाणारा हात तिच्यावर पडेल. आणि हे सगळे ग्राहकाशीच बोलायचे. सोबत्याला ‘यांना काय हवे?’ असे विचारण्याची सवय आपल्याकडच्या हॉटेलांतही भरपूर आहे.

ब्राझीलमध्ये वजनावर पैसे घेणारी उपाहारगृहेही खूप आहेत. ताट स्वतः भरायचे, काट्यावर ठेवायचे. काट्याचा आकडा फक्त दिसत असेल तर दर किलोला किती हे माहीत असूनही ग्राहक बिल पडताळू शकत नाही.

शेवटी पैसे. २०१० पासून आलेल्या ब्राझीलच्या नोटांची लांबी मूल्यानुसार वाढत जाते: २ रेआलची १२१ मिमी, ५ ची १२८, १० ची १३५, २० ची १४२, ५० ची १४९ आणि १०० ची १५६. पायरी नेमकी ७ मिमीची आहे, म्हणजे बोटांनी मोजता येणारी. मग २०२० मध्ये २०० रेआलची नोट आली, आणि तिचा आकार २० च्या नोटेइतकाच ठेवला गेला. दृष्टिहीनांच्या संघटनेने याला हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. नोटांवर उठावाच्या खुणा असतात, पण हाताळून त्या झिजतात, लांबी झिजत नाही. दहापट फरकाच्या दोन नोटा एकाच मापाच्या करणे हा माझ्या मते अभ्यासक्रमात शिकवावा असा नमुना आहे. २०१५ मध्ये ब्राझीलने अपंग व्यक्तींच्या समावेशनाचा व्यापक कायदा केला होता, हे ध्यानात घेतले तर तो अधिकच बोलका ठरतो.

डोळ्यांना पट्टी बांधून तासभर जेवण्याचा प्रयोग काही महाविद्यालयांत करतात. तो मी टाळतो. त्यातून नुकती दृष्टी गेलेल्या माणसाचा गोंधळ कळतो, वर्षानुवर्षे कमावलेले कसब कळत नाही. त्यापेक्षा दृष्टिहीन व्यक्तीला मानधन देऊन तुमचा नमुना तपासून घ्या.

स्वाध्याय: वरच्या वजनकाट्यासाठी आवाजी सूचना योजा. गोंगाटातही ऐकू यावी, पण शेजारच्या रांगेला तुमचे बिल कळू नये. काटा स्थिर झाल्यावरच आकडा बोलला जाईल यासाठी कोणती अट घालाल, ते प्रवाह-आकृतीत दाखवा.