शब्द गोळा करायचाही छंद असतो, आणि त्यासाठी भंडाऱ्यासारखी जागा नाही

एक सोपा प्रश्न. धानाची रोवणी करायच्या आधी जी रोपं वाढवतात, त्यांना काय म्हणतात?

पुण्या-मुंबईचा माणूस 'रोपं' म्हणून मोकळा होईल. भंडारा जिल्ह्यातला शेतकरी म्हणेल, 'परे'. हे परे ज्या तुकड्यात रोवायचे ती 'बांधी'. रोवणीच्या भानगडीत न पडता बी सरळ फेकून पेरलं तर तो 'आवत्या'. कापलेलं धान शेतात रचून ठेवलं की झालं 'पुंजणं'.

एका पिकाभोवती इतके शब्द, आणि यातले किती शब्द शाळेच्या पुस्तकात असतात? जवळपास नाहीतच.

छंद म्हटलं की आपल्याला गिटार, कॅमेरा, कॅनव्हास आठवतो. म्हणजे आधी खर्च, मग क्लास, आणि तीन महिन्यांनी सगळं माळ्यावर. शब्द गोळा करायच्या छंदाला एक वही लागते आणि समोरच्याचं ऐकून घ्यायची तयारी लागते. वही मिळणं सोपं आहे. दुसऱ्या गोष्टीचं काय ते ज्यानं त्यानं बघावं.

हा छंद काय करू शकतो, हे बघायला साकोलीला जाऊ. तिथल्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख, आणि तिथली बोली ती झाडीबोली. या बोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळा म्हणजे 'डोरा', पाणी म्हणजे 'पानी'. असं बोलणाऱ्या पोराला वर्षानुवर्षं 'अशुद्ध बोलतो' म्हणून गप्प बसवलं गेलं. बोरकरांनी त्याच बोलीचा शब्दकोश केला, दंडारीसारख्या लोकनाट्यावर अभ्यास केला आणि झाडीबोली साहित्य मंडळ उभं केलं. आज झाडीबोलीत कविता लिहिल्या जातात, तिची संमेलनं भरतात. ज्या शब्दांना हसलं जायचं, तेच शब्द घेऊन लोक मंचावर उभे राहतात.

दुसरं उदाहरण तुमच्या ओळखीचं असेल. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, नोकरी वनखात्याची. नवेगावबांधला ते बरीच वर्षं होते. नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात येतं, पण 1999 मध्ये जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडाऱ्यातच होतं. तिथल्या जंगलात आणि तलावाकाठी आदिवासी, धीवर अशा लोकांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, प्राण्यांची नावं ऐकली आणि टिपून ठेवली. या नोंदींच्या सवयीतून पुढे पुस्तकं आली, 'पक्षीकोश' आला.

यातला गमतीचा भाग पुढे आहे. जिथे मराठीत शब्द सापडला नाही, तिथे त्यांनी तो घडवला. कावळ्यांची वसाहत म्हणजे 'काकागार'. बगळ्यांच्या विणीची जागा म्हणजे 'सारंगागार'. आधी वर्षानुवर्षं ऐकलं, म्हणून नंतर घडवता आलं. 2006 मध्ये ते सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले.

'पण हे सगळे मोठे लोक, आपलं काय?' असं वाटत असेल तर इंग्रजीची गोष्ट ऐका. ऑक्सफर्डचा प्रसिद्ध शब्दकोश एकट्या विद्वानांनी केला नाही. सामान्य वाचकांनी घरी बसून चिठ्ठ्या लिहिल्या आणि टपालानं पाठवल्या. त्यात भर घालणारा एक मोठा हात तर मनोरुग्णालयात बंद असलेल्या माणसाचा होता. 1928 मध्ये तो कोश पुरा झाला.

आता प्रश्न असा की शब्द लिहिल्यानं माणूस सर्जनशील कसा होतो?

तलावाचंच बघा. भंडारा हा तलावांचा जिल्हा, इथले मालगुजारी तलाव दोन-तीनशे वर्षं जुने. आपण काठावर जातो, सेल्फी काढतो, 'लेक व्ह्यू' लिहितो, संपलं. पण कुणी सांगितलं की ही मातीची भिंत म्हणजे 'पार', शेताला पाणी सोडायची जागा म्हणजे 'तुडूम' आणि जादा पाणी वाहून जायची वाट म्हणजे 'सलंग', की तोच तलाव वेगळा दिसायला लागतो. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुणाच्या बांधीत आधी जातं हे प्रश्न पडतात. आणि 'पार' हा 'पाळ'चाच अवतार, झाडीबोलीनं 'ळ'चा 'र' केलेला, हे लक्षात आलं की डोकं अजून पळतं. गोष्ट, चित्र, नाटक, रील, काय करायचं ते करा, पण करायला काहीतरी हाताशी असतं. आमच्या मते 'मला काही सुचत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण सुचण्याची नसतेच, त्यांच्याकडे कच्चा माल नसतो.

सुरुवात करायची तर विषय लहान घ्या. 'झाडीबोलीचे शब्द' हा विषय आठवड्यात दमवेल. फक्त पावसाचे शब्द, फक्त मासळीची नावं, फक्त आजीच्या चुलीभोवतीच्या वस्तू, एवढंच धरा. वही उघडून 'याला काय म्हणता?' असं विचारू नका, माणूस लगेच पुस्तकी बोलायला लागतो. त्यापेक्षा 'मंग काय करता?' विचारा आणि ऐका. परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज टिपून ठेवला तर उत्तमच, कारण उच्चार कागदावर पुरता उतरत नाही. शब्दाबरोबर गाव, तारीख आणि तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य लिहा. आणि कृपा करून शुद्ध करू नका. 'डोरा' ऐकलंत तर 'डोरा'च लिहा.

घाई मात्र करायला हवी. हार्वेस्टर शेतात आला की धान कापून, झोडून थेट पोत्यात जातं, मग पुंजणं रचायचं कशाला? जी वस्तूच उरणार नाही, तिचं नाव पुढच्या पोराच्या कानावर कुठून पडणार? घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर यंदा धान कापणीच्या दिवसांत त्यांना घेऊन बांधीवर जा आणि पुंजणं कसं रचतात ते विचारा. खालचा थर, वरचा थर, पेंढ्यांची तोंडं कुणीकडे, प्रत्येकाला त्यांच्याकडे काही ना काही नाव असेल. वही सोबत न्यायला विसरू नका.