ठेचा खाल्ल्यावर भाजल्यासारखं का होतं?

तिखट ही चव नाहीच, ती वेदना आहे! वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचं दार उघडतं, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि विजेचा संदेश मेंदूकडे निघतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं हेच दार उघडतं! मग मेंदू समजतो, तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं हे प्रथिन १९९७ मध्ये शोधलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. मला तर हे संशोधन विलक्षण सुंदर वाटतं.

आणि हो, कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. ठेचा झोंबला तर पाण्याऐवजी दूध प्या.