इंजिन एकीचे, सांगाडा दुसरीचा

मातीच्या बंदिस्त मार्गावर, उंचवटे, खोल चाकोऱ्या आणि उड्या पार करत होणाऱ्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात, आणि अशा शर्यतीसाठी किंवा वाळवंट, जंगल, डोंगर अशा रस्ता नसलेल्या प्रदेशात चालवण्यासाठी बनवलेली हलकी, उंच, लांब पल्ल्याच्या शॉकअपची मोटारसायकल डर्ट बाइक या नावाने ओळखली जाते. अशा गाडीचे इंजिन काढून ते दुसऱ्याच गाडीच्या सांगाड्यात बसवणे आणि त्यातून कोणत्याही कारखान्याने न बनवलेली तिसरीच गाडी उभी करणे हा उद्योग जगात अनेक ठिकाणी गेली सहा-सात दशके चालू आहे. विजेवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींना आज ‘हायब्रीड’ म्हटले जाते; अशा तिसऱ्या गाडीलाही तेच नाव दिले जाते, पण येथे त्या शब्दाचा अर्थ केवळ दोन गाड्यांचा संकर इतकाच आहे. या संकराकडे बहुधा अधिक ताकदीचा हव्यास म्हणून पाहिले जाते, पण ते काम बारकाईने पाहिले तर त्यातील फार थोडा भाग ताकदीशी आणि फार मोठा भाग भूमितीशी संबंधित असल्याचे दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘सीआर ५०० एएफ’ या नावाने परिचित आहे. होंडा कंपनीने १९८४ मध्ये सीआर ५०० आर ही मोटोक्रॉसची गाडी बाजारात आणली आणि १९८५ पासून तिचे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले. एकच सिलिंडर, ८९ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन, ७९ मिलिमीटरची धाव आणि ४९१ घन सेंटिमीटर क्षमता असे हे टू-स्ट्रोक इंजिन होते. टू-स्ट्रोक म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा स्फोट होणारे, झडपा नसलेले आणि म्हणून आकारमानाच्या मानाने हलके व जोरकस इंजिन. जागतिक मोटोक्रॉसच्या ५०० वर्गात डेव्हिड थॉर्प याने १९८५, १९८६ आणि १९८९ मध्ये, जॉर्ज जोबे याने १९८७ मध्ये आणि एरिक गेबोअर्स याने १९८८ व १९९० मध्ये होंडाच्याच यंत्रांवर विजेतेपद मिळवले, यावरून त्या दशकातील होंडाचे स्थान लक्षात येते. पुढे अमेरिकेत या वर्गाची राष्ट्रीय स्पर्धा १९९३ नंतर बंद झाली आणि ज्या गाडीला शर्यत उरली नाही तिच्या संशोधनावर पैसा खर्च करण्याचे कारणही उरले नाही. सीआर ५०० आर २००१ पर्यंत विकली गेली खरी, परंतु तिचा पोलादी सांगाडा शेवटपर्यंत जुन्याच घडणीचा राहिला.

नेमक्या याच काळात तिच्या धाकट्या बहिणीचे, सीआर २५० आर या गाडीचे, रूप पालटले. १९९७ मध्ये होंडाने तिला दोन जाड तुळयांचा अॅल्युमिनियमचा सांगाडा दिला, आणि मोटोक्रॉसच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात असा सांगाडा प्रथमच आला. पहिली रचना फार ताठ असल्याची, मातीतला प्रत्येक धक्का हातापर्यंत पोहोचत असल्याची तक्रार चालकांनी केली. २००० आणि २००२ मध्ये कंपनीने ती बदलून अधिक लवचीक केली. अशा रीतीने एका गाडीकडे प्रचंड इंजिन पण जुना सांगाडा आणि दुसरीकडे आधुनिक सांगाडा पण निम्म्या क्षमतेचे इंजिन अशी विभागणी झाली. कंपनीने जे जोडले नाही ते जाणकार कारागिरांनी जोडले, आणि ‘एएफ’ ही अॅल्युमिनियम फ्रेमची आद्याक्षरे लावून अशा गाड्या अमेरिकेतील काही कार्यशाळांनी तयार करून विकल्यासुद्धा. कावासाकीच्या केएक्स ५०० या गाडीचेही असेच संकर नंतर होत राहिले.

ही प्रथा अमेरिकेत जन्मलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये ५०० घन सेंटिमीटरच्या शर्यतीच्या छोट्या मोटारींचा वर्ग लोकप्रिय झाला आणि त्यांच्या चालकांना नॉर्टन मोटारसायकलचे इंजिन हवेहवेसे वाटू लागले. कंपनी सुटे इंजिन देत नसल्यामुळे ते अख्खी मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत आणि सांगाडा विकून टाकत. तो सांगाडा बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी रचलेला ‘फेदरबेड’ होता आणि त्या काळी त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. त्यात ट्रायम्फ कंपनीचे दोन सिलिंडरचे इंजिन बसवून झालेली ‘ट्रायटन’ ही डांबरी रस्त्यावरची गाडी आजही नावाजली जाते. मातीवरच्या शर्यतींसाठी हँपशायर परगण्यातील डेरेक आणि डॉन या रिकमन बंधूंनी एक पाऊल पुढे टाकले: दुसऱ्याचा सांगाडा घेण्याऐवजी त्यांनी स्वतःच निकेलचा मुलामा दिलेला सांगाडा घडवला आणि ट्रायम्फ किंवा मॅचलेस यांचे इंजिन त्यात बसवण्याचे काम ग्राहकावर सोपवले. ‘मेटिस’ नावाचा हा सांगाडा पाहिला म्हणजे संकरित गाडी ओबडधोबडच असते हा समज टिकत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळता येईल. आधुनिक डर्ट बाइकमध्ये मागचे चाक ज्या दुबाहू दांड्याने धरलेले असते त्याला स्विंगआर्म म्हणतात, आणि तो ज्या आडव्या बोल्टाभोवती वर-खाली हलतो तो बोल्ट बहुधा सांगाड्यातून, स्विंगआर्ममधून आणि इंजिनाच्या मागच्या कानातूनही आरपार जातो. म्हणून नवे इंजिन बसवताना सर्वप्रथम ते या बोल्टावर टांगले जाते. बोल्टाची जाडी वेगळी असेल तर कानाचे भोक मोठे करावे लागते किंवा लेथवर बुश कातून घ्यावे लागते. कानाची रुंदी वेगळी असेल तर दोन्ही बाजूंनी धातू घासावा किंवा भरावा लागतो, आणि तेही चेनची रेषा सांभाळून. गिअरबॉक्समधून बाहेर येणारे पुढचे दातेरी चक्र आणि मागच्या चाकावरचे मोठे चक्र, म्हणजे दोन्ही स्प्रॉकेट, एकाच उभ्या प्रतलात यायला हवीत. त्यांत थोडासाही तिरकसपणा राहिला तर चेन दात कुरतडते आणि उडीनंतरच्या हादऱ्यात निसटू शकते.

इंजिन बोल्टावर टांगले की ते त्याभोवती किंचित पुढे-मागे कलवता येते, आणि ते नेमके कोणत्या कोनात थांबवायचे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. त्या कोनावर पुढच्या स्प्रॉकेटची उंची अवलंबून असते. गाडी जोर घेत असताना चेनचा वरचा पदर ताणला जातो. तो पदर स्विंगआर्मच्या बोल्टापासून जितका वरून जाईल तितका तो मागचे चाक वर ओढतो आणि शॉकअप दाबला जातो, तर तो बोल्टाच्या जवळून गेला की मागचा भाग फारसा बसत नाही. याउलट, मागे उतरत गेलेल्या स्विंगआर्ममधून चाकाचा पुढे ढकलणारा जोर येतो तो गाडीचा मागचा भाग उचलू पाहतो. या दोन बलांचा तोल मूळ कारखान्याने एका विशिष्ट इंजिनासाठी साधलेला असतो. साठ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देणारे इंजिन आले आणि स्प्रॉकेट काही मिलिमीटर वर सरकले, तर चढावर ॲक्सिलरेटर देताच मागचा भाग बसतो, पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकेनासे होते. चालकाला हा दोष शॉकअपचा वाटतो; स्प्रिंगा बदलून तो झाकला जातो, जात मात्र नाही, कारण त्याचे मूळ त्या कोनात असते.

कलण्याचे इतर परिणामही आहेत. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी तरंगत्या फ्लोटने ठरते, त्यामुळे कार्ब्युरेटर तिरका झाला की मिश्रण बिघडते. शिवाय मोठ्या इंजिनाचा सिलिंडर उंच असल्यामुळे त्याचा माथा वरच्या तुळयांना किंवा पेट्रोलच्या टाकीला टेकू शकतो आणि खाली क्रँकची पेटी सांगाड्याच्या पाळण्यात, म्हणजे इंजिनाला खालून कवेत घेणाऱ्या नळ्यांत, मावत नाही. मग पाळणा कापून रुंद किंवा लांब करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

येथे अॅल्युमिनियम आपली किंमत वसूल करते. पोलादी नळी जोडणारे कारागीर गावोगाव सापडतात. अॅल्युमिनियमसाठी मात्र आर्गॉन वायूच्या आवरणात, टंगस्टनच्या टोकाने केलेले, आपल्याकडे आर्गॉन वेल्डिंग म्हणून ओळखले जाणारे काम लागते. शुद्ध अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते, पण हवेमुळे त्यावर सतत तयार होणारा ऑक्साइडचा पापुद्रा सुमारे २०७० अंशांपर्यंत वितळत नाही. तो काढल्याशिवाय केलेला जोड वरून सुबक आणि आतून कच्चा असतो. त्याहून सूक्ष्म अडचण अशी की सांगाड्याच्या मिश्रधातूला कारखान्यात उष्णता देऊन कणखर केलेले असते आणि जोडाच्या आजूबाजूच्या पट्ट्यात वेल्डिंगची उष्णता तो कणखरपणा पुसून टाकते. म्हणून जोड ताणाच्या जागेपासून दूर ठेवणे, आतून पट्टी देणे आणि शक्य असेल तेथे सांगाड्यावर पुन्हा उष्णता-प्रक्रिया करणे हे सावध कारागिराचे लक्षण मानावे लागते. कापण्याआधी सांगाडा भक्कम साच्यात, म्हणजे जिगमध्ये, आवळून धरलाच पाहिजे, कारण थंड होताना जोड आक्रसतो आणि पुढच्या फोर्कला धरणारी नळी ओढली जाते. त्या नळीचा अक्ष जमिनीला जेथे भेटतो आणि पुढचे चाक जेथे टेकते त्या दोन बिंदूंमधील अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. हे अंतर सरळ मार्गावर गाडी स्थिर ठेवते, आणि नळीचा कोन अर्ध्या अंशाने बदलला तरी ते बदलते.

टू-स्ट्रोक इंजिनाचा फुगीर एक्झॉस्ट पाइप हा आणखी एक हट्टी भाग आहे. तो केवळ धूर बाहेर नेत नाही; स्फोटानंतर निघालेली दाबाची लाट त्याच्या शंकूंवरून परत फिरते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. ही लाट मिनिटाला किती फेऱ्यांना वेळेवर परतेल हे पाइपच्या लांबी-रुंदीवर ठरते. त्यामुळे वाटेत तुळई किंवा रेडिएटर आला म्हणून पाइप आखूड करून चालत नाही. तीच लांबी आणि तेच आकारमान राखून, तुकडे कापून आणि वळवून जोडत, त्याला नव्या वाटेने न्यावे लागते.

कंपनाचा प्रश्न बोल्ट आवळून सुटणारा नाही. एका सिलिंडरचा पिस्टन वर-खाली होताना जो हादरा देतो तो क्रँकवरच्या प्रतिभाराने अंशतः कमी करता येतो, पूर्ण नाही, कारण प्रतिभार वाढवला की उभा हादरा घटून आडवा वाढतो. या तडजोडीचे प्रमाण सांगाडा कोणत्या दिशेने अधिक कंप सोसतो हे पाहून ठरवले जाते, आणि सीआर ५०० मध्ये कंप मारणारा वेगळा बॅलन्सर दांडाही नाही. पोलादी सांगाड्यासाठी बेतलेला हा तोल ताठ अॅल्युमिनियममध्ये बसवला की मिनिटाला ६००० फेऱ्यांना सेकंदाला १०० हादरे नव्या वाटांनी हँडल आणि पायदानापर्यंत येतात. इंजिनाच्या माथ्याला सांगाड्याशी जोडणारी पट्टी किती जाड असावी, याचा अनुभवी कारागीर म्हणूनच फार विचार करतात: पातळ पट्टी तडकते, फार जाड पट्टी सांगाड्याला जखडून त्याचा उरलासुरला लवचीकपणा संपवते.

महाराष्ट्रातील वाचकांनी यात एक कायदेशीर बाजू ध्यानात घेणे आवश्यक आहे. नोंदणी प्रमाणपत्रात चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक दोन्ही लिहिलेले असतात, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणेच लावला. म्हणजे असे यंत्र सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नाही, बंदिस्त मार्गासाठी आहे, आणि तेथपर्यंत ते टेम्पोतूनच न्यायला हवे.

गाडी उभी राहिल्यावरही काम संपत नाही. पहिल्या काही फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, त्याला धरणारे सर्व बोल्ट ठरलेल्या बलाने पुन्हा आवळले जातात, आणि प्रत्येक जोडावर भेगेत झिरपणारा रंगीत द्रव लावून, तो पुसून, वर पांढरी पूड फवारून तडा शोधला जातो. केसाएवढी भेगही त्या पुडीवर रंगीत रेघ होऊन उमटते. या गाडीचे सुट्या भागांचे पुस्तक कोणत्याही कारखान्यात नसते. म्हणून कोणता भाग कोणत्या वर्षीच्या कोणत्या गाडीचा, कोणते बुश किती मापाचे आणि कोठे किती मिलिमीटर धातू काढला, याची नोंद बांधणाऱ्यानेच वहीत करून ठेवावी लागते, आणि गाडी विकली गेली तर ती वही तिच्याबरोबर द्यावी लागते.