वर जाणारा उजेड

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा टाकीत जवळजवळ ६८० लिटर पाणी मावतं. दुकानात मिळणारी प्लास्टिकची टॉप, म्हणजे टाकीवर ठेवायची दिव्यांची झाकणं, बहुतेक याहून लहान टाक्यांच्या मापाची असतात, त्यामुळे एवढ्या मोठ्या फिशटँकसाठी सुताराला गाठावं लागतं किंवा स्वतः करवत हातात घ्यावी लागते. लाकडी पेटी तयार होते, तिच्यात ट्यूब बसतात, टाकी उजळते. तरीही काही दिवसांनी तळाची रोपं विरळ होऊ लागतात, प्रवाळ असेल तर त्याचा रंग उतरतो. मग पहिला विचार येतो आणखी दोन ट्यूब लावण्याचा. त्याआधी पेटीच्या आतल्या छताकडे पाहावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आहेत त्याच ट्यूबचा निम्म्याहून अधिक उजेड तिथे लाकडावर खर्च होत असतो.

ट्यूब सगळ्या अंगांनी प्रकाश टाकते. ६० सेंटिमीटर रुंदीच्या टाकीवर मधोमध, पाण्यापासून १० सेंटिमीटर उंचीवर एक उघडी ट्यूब धरली, तर तिच्याभोवतीच्या ३६० अंशांपैकी सुमारे १४३ अंशच पाण्याच्या दिशेने येतात. शंभरातले चाळीस भाग पाण्याला मिळाले आणि साठ भाग वर-बाजूला गेले. ट्यूब १५ सेंटिमीटरवर चढवली की चाळीसचे पस्तीस होतात. कच्च्या प्लायची तपकिरी आतली बाजू त्या साठ भागांतला बराचसा उजेड गिळून टाकते. पांढरा रंग दिला तर त्यातला चांगला हिस्सा परत येतो, पण तो सैरावैरा विखुरतो आणि थोडा ट्यूबवर, थोडा समोरच्या भिंतीवर आपटत राहतो. पांढरा रंग कामाचा नाही असं मुळीच नाही. तो पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि प्रत्येक पेटीत तो असायलाच हवा. खरं काम मात्र वाकवलेला पत्रा, म्हणजे रिफ्लेक्टर, करतो.

हा पत्रा ॲल्युमिनियमचाच का? स्टेनलेस स्टील डोळ्यांना तितकंच चकचकीत दिसतं, म्हणून अनेक जण तेच घेतात. पण त्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण साठ टक्केच परत येतो. उजळ ॲल्युमिनियम नव्वद टक्क्यांच्या आसपास परत देतं. स्वयंपाकघरातली फॉइलही ॲल्युमिनियमचीच, पण ती लावताना चुरगळते आणि प्रत्येक सुरकुती उजेड वेगळ्या दिशेला फेकते. घरातल्या आरशात प्रकाशाला काचेतून दोनदा जावं लागतं, शिवाय दमट हवेत त्याच्या कडा काळ्या पडतात आणि वजनाने पेटी झुकते. अर्ध्या मिलिमीटरचा, आरशासारखा चकचकीत, ॲनोडाइज केलेला पत्रा घ्यावा. त्यावरची संरक्षक फिल्म शेवटचा रिव्हेट बसेपर्यंत काढू नये.

आता आकार. अन्वस्ताच्या नाभीतून निघालेला किरण वक्रावर आपटून अक्षाला समांतर बाहेर पडतो, हे शाळेत शिकवतात. माथ्यापासून २५ मिलिमीटरवर नाभी धरली, तर नाभीच्या पातळीवर या वक्राची रुंदी नेमकी १०० मिलिमीटर येते. टी-५ ट्यूबसाठी हे माप हाताशी ठेवण्यासारखं आहे. अडचण अशी की नाभी हा बिंदू असतो आणि ट्यूबला जाडी असते. जुनी टी-१२ ट्यूब ३८ मिलिमीटर जाड, टी-८ ट्यूब २६, तर टी-५ अवघी १६. जाड ट्यूबमधून सरळ वर निघालेला उजेड पत्र्यावरून सरळ खाली येतो तो पुन्हा त्याच ट्यूबवर, आणि काचेच्या आतला भुकटीचा थर त्यातला काही भाग शोषून घेतो. म्हणून चांगल्या रिफ्लेक्टरमध्ये ट्यूबच्या बरोबर वर एक धार खाली उतरवलेली असते. तिच्यावर आपटलेला उजेड दोन्ही अंगांना फुटतो, तिथून बाजूच्या पंखांवर जातो आणि ट्यूबला वळसा घालून पाण्यात उतरतो. टी-५ ट्यूबना मत्स्यपालनात एवढी किंमत आली ती त्यांच्या बारीकपणामुळेही आली. वाटेत अडथळा कमी, म्हणून रिफ्लेक्टर अधिक कामाचा. प्रत्येक ट्यूबला स्वतःचा रिफ्लेक्टर असावा. चार ट्यूबवर मिळून एकच सपाट पत्रा ठोकला, तर एकीचा उजेड दुसरीच्या अंगावर जातो.

घरी पत्रा वाकवताना गुळगुळीत वक्राचा हट्ट धरू नये. प्लायच्या तुकड्यावर वक्र काढून, कापून साचा करावा, आणि पत्र्याला पाच-सहा सरळ घड्या घालत त्या साच्यापर्यंत यावं. दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा सी-क्लॅम्पने आवळून, वरून लाकडी ठोकळ्याने सगळ्या लांबीवर एकसारखा दाब द्यावा. हातोडीने ठोकलं की पोचे पडतात आणि पोचा पडलेली जागा कायमची वाया जाते. घडीच्या रेषेवर ॲनोडाइजच्या थराला केसासारख्या बारीक भेगा दिसतात. त्यांनी उजेडात फरक पडत नाही.

या घड्या पुरेशा का होतात, याचं उत्तर पत्र्यात नाही, पाण्यात आहे. या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. वरून किरण कितीही तिरपा आला, तरी पाण्यात शिरल्यावर तो उभ्या रेषेपासून ४९ अंशांपेक्षा जास्त कलत नाही. असा उतरता किरण टाकीच्या उभ्या काचेला आतून भिडतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला बाहेर पडता येत नाही. पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन तो परत पाण्यात येतो. हिशेब केला तर हवेत उभ्या रेषेपासून सुमारे ६२ अंशांपर्यंत कललेला प्रत्येक किरण चारही काचांच्या आत अडकतो. मधल्या काचेच्या जाडीने या हिशेबात बदल होत नाही, कारण सपाट काचेपाशी शेवटी पाणी आणि बाहेरची हवा यांचेच अपवर्तनांक मोजले जातात. समोरून टाकीत पाहताना दोन टोकांच्या काचा आरशासारख्या दिसतात, त्या यामुळेच. या परावर्तनात ॲल्युमिनियमसारखी दहा टक्क्यांची गळतीही नसते.

म्हणजे रिफ्लेक्टरने किरण अगदी समांतर करण्याची गरज नाही. त्याने उजेड टाकीच्या चौकटीत, पाण्यावर, साठ अंशांच्या आत टाकला की पुढचं काम काच करते. यासाठी रिफ्लेक्टरच्या कडा ट्यूबच्या मध्यापेक्षा थोड्या खाली आणाव्यात, म्हणजे आडवे पळणारे किरण तिथे अडतात. आणि मागच्या काचेकडेही लक्ष द्यावं. काही जण देखाव्याचं पोस्टर तेल लावून काचेला चिकटवतात किंवा काचेच्या बाहेरून काळा रंग देतात. तिथे काचेपलीकडची हवा नाहीशी होते आणि तो आरसा मरतो. तोच काळा पुठ्ठा काचेपासून किंचित अंतर ठेवून उभा केला, तर परावर्तन टिकतं. आतल्या शेवाळाचा थरही असाच उजेड खातो.

पेटीच्या लाकडाबद्दल थोडक्यात. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं, आणि त्याच्या कापलेल्या कडांवर सर्वांत जास्त मेहनत करावी. पाणी पृष्ठभागापेक्षा कडेतून शिरतं. सगळ्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत, भोकं पाडल्यावर त्यांच्या आतही. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे धरून पुढच्या दाराला थोडी मोकळीक ठेवावी, नाहीतर ऐन श्रावणात ते अडकतं. स्क्रू स्टेनलेसचे. पितळी बिजागऱ्या दिसायला देखण्या, पण पितळेत तांबं असतं. पेटीतली वाफ त्यांवर जमून हिरवट थेंब पाण्यात पडले, तर झिंगे, प्रवाळ, गोगलगायी यांना तांब्याची अत्यल्प मात्राही घातक ठरते. खाऱ्या पाण्याच्या टाकीवर पितळ नकोच.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे युरोपापेक्षा अवघड आहे. ५४ वॉटच्या चार ट्यूब म्हणजे २१६ वॉट, आणि बंद पेटीत त्यातली बरीच ऊब आतच राहते. टी-५ ट्यूब भोवतालची हवा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना सर्वाधिक उजेड देते, टी-८ ट्यूब २५ अंशांना. तापमान त्याच्या वर गेलं की ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब वाढतो आणि उजेड घटतो. चैत्र-वैशाखात मुंबई-पुण्यातली बंद पेटी ही मर्यादा सहज ओलांडते. संगणकातले छोटे पंखे एका टोकाला हवा आत घेणारे आणि दुसऱ्या टोकाला बाहेर टाकणारे असे बसवावेत. ते ट्यूबही थंड ठेवतात आणि पाणीही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता टाकीतून निघून जाते. मोबदल्यात रोज पाण्याची भर घालावी लागते, आणि ती वाफ जाईल कुठे याचा विचार खोलीच्या खिडकीपर्यंत करावा लागतो.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. चोक पेटीच्या बाहेर, कपाटात. होल्डर रबरी टोपीचे, पाणी न शिरणारे. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी प्लगच्या खाली झोल घेऊन यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून खाली गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पत्र्याला अर्थिंग हवंच, आणि घराच्या बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. माणूस याच पाण्यात रोज हात घालतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, तेव्हा उजेडाची भिस्त आकाशावरच होती. फ्लुरोसंट ट्यूब बाजारात आली १९३८ मध्ये. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं, म्हणजे ट्यूब नवी असतानाचं. आता तिचं पर्व सरत आलं आहे. युरोपीय संघात टी-५ आणि टी-८ ट्यूब बाजारात आणणं ऑगस्ट २०२३ पासून बंद झालं, आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाटा करारातल्या देशांनी २०२७ पर्यंत लांब ट्यूबचं उत्पादन थांबवायचं ठरवलं आहे. मला याची हळहळ वाटते. लांब नळी आणि नीट वाकवलेला पत्रा मिळून जो पसरट, सावल्या न पाडणारा उजेड देतात, तो प्रवाळाच्या खालच्या फांद्यांपर्यंत पोचतो. मोजक्या एलईडी ठिपक्यांखाली त्याच फांद्या स्वतःच्याच सावलीत सुकतात.

तरी पेटी बांधणाऱ्याचं काम संपलेलं नाही. एलईडीच्या साध्या पट्टीचा झोत सुमारे १२० अंश रुंद असतो, म्हणजे उभ्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साठ अंश. पाण्यात पडलेल्या या झोताला काचा आत ठेवतात. कडेच्या पट्ट्यांचा झोत मात्र पाण्याआधी पेटीच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर आदळतो. जुने रिफ्लेक्टर सोडवून, घड्या उलगडून सपाट करावेत, घडीच्या रेषेवर कापावेत आणि ते पट्टे या दोन भिंतींना आतून लावावेत. बाकी भाग पांढराच. सावल्या मोडायच्या तर एका जाड पट्टीऐवजी चार-पाच बारीक पट्ट्या रुंदीभर विखरून लावाव्यात. काम झाल्यावर वाळूवर एकाच ठिकाणी, आधी आणि नंतर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या लक्समीटरने वाचन घ्यावं.